चिमणीच्या दाराला खरी कडी

१७ नोव्हेंबर १९५७, रविवार. पिंपरी.

वही दानिएलची आहे. पहिल्या बारा पानांत त्याचे भागाकार आहेत, सगळे चुकलेले. उरलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून मी घेतली. "आत्याला वही कशाला?" असं कार्ट्याने विचारलं. म्हटलं, तुझे पराक्रम लिहून ठेवते. पळालाच.

माझे पराक्रम थोडक्यात असे: मी रतनबाई भिंगारदिवे, वय छप्पन्न, नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण. हे जाऊन नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झाले तशी शाळेची खोली नव्या बाईंना द्यावी लागली, आणि एक ट्रंक नि एक गोधडी घेऊन मी धाकट्या भावाकडे, शलमोनकडे, पंधरा दिवसांसाठी आले. तो इथल्या औषधांच्या कारखान्यात आहे. तेव्हा एप्रिल होता. पंधरा दिवस जरा लांबले आहेत.

क्वार्टरला दोन खोल्या आणि एक व्हरांडा. माणसं सहा: शलमोन, त्याची बायको मार्था, दानिएल, सुवार्ता, चार वर्षांचा लूक आणि मी. मी स्वयंपाकघरात झोपते. पहाटे पाचला मार्था पहिल्या पाळीचा डबा करायला येते की गोधडी गुंडाळून उठायचं. ट्रंक तिच्या खाटेखाली. म्हणजे लुगडं बदलायचं तरी आधी तिची खाट झाडून होईपर्यंत थांबायचं.

लूकचा गोवर मावळला एकदाचा. अकरा दिवस मांडीवर होता, माझी पाठ कामातून गेली. मार्था एकदाही "वन्सं, दमलात का" म्हणाली नाही. दारात उभी राहून नुसती बघायची. बघायला काय लागतं!

नाताळला घरचं नाटक करायचं ठरवलंय. मी बसवणार. शलमोन म्हणाला, "अक्का, नाटक कशाला, करंज्या करू." म्हटलं, करंज्या मार्था करेल, नाटक मी करते.

२० नोव्हेंबर

गोष्ट सापडली. कावळा आणि चिमणी. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या दारी येतो आणि ती बया आतून एकेक कारण सांगत त्याला ताटकळत ठेवते. पोरांना पाठ आहे, मोठ्यांनाही. पण नाताळचं काय? रात्रभर विचार केला. म्हणजे तासभर, मग झोप लागली.

तर असं: बेथलेहेमात त्या दिवशी मुसळधार पाऊस. कावळीचं घर वाहून गेलं. (कावळा नाही, कावळी. कारण ती मी आहे.) ती चिमणीकडे जाते. तीन वेळा दार ठोठावते, तीन वेळा नकार मिळतो. शेवटी बिचारी गोठ्यात जाऊन बसते, आणि तिथेच योसेफ-मरीया येतात, बाळ जन्मतं. मेंढपाळांच्याही आधी प्रभूचं मुख कुणी पाहिलं? कावळीने! मग चिमणीला पश्चात्ताप होतो आणि ती रडत येऊन कावळीच्या पाया पडते.

हा शेवटचा भाग मी फार बारकाईने लिहिला आहे. चिमणी मार्था करणार.

सुवार्ता मरीया. योसेफ शलमोन. बाळ येशू म्हणून लूक, दुसरं बाळ घरात नाही. तो गव्हाणीत मावत नाही आणि बोलतो फार. त्याच्या तोंडात करंजी द्यावी लागेल. दानिएल पाऊस.

२३ नोव्हेंबर

मार्थाची वाक्यं लिहून झाली. मला शोधायला कुठे जावं लागलं नाही, सगळी तिचीच. मी एप्रिलात दारात ट्रंक घेऊन उभी राहिले तेव्हा पहिला शब्द काय, तर "वन्सं, फरशी ओली आहे, जरा थांबा." भर उन्हात! पायरीवर उभी होते मी. ते पहिलं वाक्य. दुसरं, "भोंगा झाला, डबा भरायचाय, मग बघू." तिसरं, "पाहुणा ठेवायचा तर साहेबांना विचारावं लागतं." हे ती मागे शलमोनला म्हणत होती, मी भिंतीपलीकडे होते.

कागद तिच्या हातात दिला. शेगडीजवळ उभी राहून तिने तो दोनदा वाचला. मला वाटलं आता भडका उडणार. म्हणाली, "पाठ करते." बस्स. मग विचारलं, "तिसऱ्यांदाही नाहीच उघडायचं दार?"

"नाहीच," म्हटलं. "गोष्टच तशी आहे."

दुपारी ती व्हरांड्याचं एक टोक वितीने मोजत होती. सायकल ठेवायचा बेत असेल. सायकलीला जागा निघते या घरात.

२६ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

टपाल मी घेतलं. शलमोनच्या नावाचं पोस्टकार्ड, नगरच्या निराधार बायकांच्या घरातून. कार्ड उघडंच असतं, वाचलं. "आपल्या पत्रानुसार आपल्या भगिनींसाठी एक खाट रिकामी होत आहे. ३१ डिसेंबरपर्यंत कळवावे, अन्यथा दुसऱ्या गरजू बाईस देण्यात येईल." खाली मेट्रनबाईंची सही.

आपल्या पत्रानुसार! म्हणजे यांनी आधी लिहिलं होतं. शलमोन कधी आपण होऊन दोन ओळी लिहायचा नाही. हिनेच लिहायला लावलं असणार.

मी त्या घरात एकदा गेले आहे, शाळेतर्फे फळं वाटायला. चौदा खाटा ओळीने. प्रत्येक खाटेवर एक बाई, भिंतीकडे तोंड करून. फळ दिलं तरी वळेनात. मला तिथे जायचं नाही. मी ओरडून सांगू शकत नाही म्हणून इथे लिहिते, मला तिथे जायचं नाही.

कार्ड वहीत दडवलं आहे. भागाकारांच्या पानांत कोण बघतंय?

२७ नोव्हेंबर

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. रडून काय होणार? नाटक असं झालं पाहिजे की अख्ख्या कॉलनीने म्हणावं, शलमोनराव, तुमच्या अक्का म्हणजे अक्का! मग बघू कोण पाठवतं नगरला. आणि कॉलनीसमोर पाया पडल्यावर मार्था कोणत्या तोंडाने पाठवेल?

आजपासून रोज तालीम.

३ डिसेंबर

शलमोनने कारखान्यातून लाकूड आणलं. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या जाड फळ्या, अंगभर काळी इंग्रजी अक्षरं. रीतसर अर्ज करून आणल्या म्हणे. मी म्हटलं, वा, चिमणीचं घर झालं! त्याचा चेहरा पडला. "अक्का, हे लाकूड जरा... दुसऱ्या कामासाठी आहे."

"कसल्या?"

तो मार्थाकडे बघतो, मार्था त्याच्याकडे. शेवटी तीच म्हणाली, "घ्या वन्सं. त्याचंच करू चिमणीचं घर."

इतक्या सहज? मला संशय आला. पण लाकूड मिळालं.

७ डिसेंबर

शलमोनचा सोबती हिंदुराव सुतार आला. मूळचा साताऱ्याकडचा, गोठ्यासाठी फळी मागितली तर देवघर करून देईल असा कारागीर. व्हरांड्याच्या टोकाला तो चिमणीचं घर उभं करतोय. मी सांगितलं, पडद्याचा दरवाजा चालेल, हे नाटक आहे.

"बाई, दार म्हंजी दार," म्हणाला. आणि खऱ्या बिजागऱ्या ठोकल्या! वर आतून खरी कडी!

"अहो, चिमणीला कडी कशाला?"

"मंग रातच्याला तिनं आतनं लावायचं काय?"

या माणसाला नाटक म्हणजे काय हे ठाऊकच नाही.

१० डिसेंबर

आता खिडकी. मार्थाचा हट्ट, खिडकी हवी आणि तीही पूर्वेला. मी म्हटलं, प्रेक्षक तर समोर बसणार, पूर्वेची खिडकी कोण बघणार? म्हणाली, "चिमणीला ऊन नको?" आता हिला चिमणीचा पुळका आला आहे. काम मात्र चोख करते. तालमीत "फरशी ओली आहे, जरा थांबा" इतक्या थंडपणे म्हणते की माझ्या अंगावर काटा येतो. शिकवावं लागत नाही.

शलमोनने साहेबांकडे आणखी एक अर्ज टाकलाय. कसला म्हणून विचारलं, तर "नाटकाचा". कुटुंबाच्या नाटकाला साहेबाची परवानगी! धन्य आहे.

१४ डिसेंबर

काळेवाडीहून नदी ओलांडून दूध घालायला येते ती तानाबाई आज तालमीला थांबली. मी दार ठोठावलं, मार्था आतून म्हणाली, थांबा. तानाबाई घागर खाली ठेवून तरातरा पुढे आली आणि दार ढकलू लागली.

"अगं बाई, हे नाटक आहे!"

"असंल! पर दारात आलेलीला आसं कोन म्हनतं व्हय? आमच्यात न्हाई चालत."

तिला गोठ्यासाठी रेडकू आणायला सांगितलंय. शलमोन म्हणतो, बेथलेहेमात म्हशी नव्हत्या. म्हटलं, तू गेला होतास का बघायला?

१८ डिसेंबर

मार्थाने आज मला घरात, म्हणजे चिमणीच्या घरात, उभं केलं. "वन्सं, हात वर करा." केला. माझा हात पोचला तिथे हिंदुरावने खुंटी ठोकली. का, तर म्हणे मार्थाची उंची आणि माझी उंची सारखी. साफ खोटं! ती माझ्याहून चार बोटं उंच आहे. पण कावळीने चिमणीच्या घरातल्या खुंट्यांवर वाद घालू नये म्हणून हात खाली घेतला.

भिंतींना आतून चुना लावताहेत. इतका खर्च प्रभूच्या गोठ्यावर केला असता तर!

पोस्टमन आज विचित्र बघत होता. "बाई, ते नगरचं कार्ड पोचलं ना शलमोनरावांना?" म्हटलं, पोचलं. खोटं बोलले, तेही नाताळच्या तोंडावर. घ्या, आणखी एक पाप.

२१ डिसेंबर

दहा दिवस उरले. नाटकाला नाही, कार्डाला.

शलमोन रात्रपाळीहून आला, चहा पिताना म्हणाला, "अक्का, तुझा आवाज अजून शाळेतल्यासारखा आहे गं. दानिएल घाबरून पाढे म्हणतो." एवढं बोलून झोपला. बोलू नको असं गोड, मला त्रास होतो.

चोवीस तारखेला त्याची दुसरी पाळी होती. मुरारी म्हणून कुणी सोबती आहे, त्याने पाळी बदलून घेतली. नाताळला तो जाणार, शिमग्याला शलमोन. त्या मुरारीने आमचा नाताळ कधी पाहिलेला नाही, तरी "व्हय" म्हणाला. परकी माणसं पटकन व्हय म्हणतात.

२४ डिसेंबर, सकाळ

चिमणीच्या घरात मला कालपासून मज्जाव आहे. मार्था म्हणते, आत पोशाख मांडलेत. मी दिग्दर्शक! मलाच मज्जाव! भांडणार होते, पण चोच नीट बसेना. पुठ्ठ्याची आहे, नाकाला घासते.

काळं लुगडं नेसायला ट्रंक काढायला गेले, तर ट्रंक खाटेखाली नाही. मार्था म्हणाली, "लुगडं बाहेर काढून ठेवलंय." ट्रंक कुठे, ते सांगितलं नाही.

मला कळायचं ते कळलं. नाताळ होऊ देणार आणि मग पाठवणार. ठीक आहे. आज मी असं काम करीन की यांच्या जन्मभर लक्षात राहील.

२५ डिसेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

काल दिवस मावळता मावळता अंगणात तीस-चाळीस माणसं. चांदणीचा कंदील टांगलेला पाहून दोघी शेजारणी म्हणाल्या, पुन्हा दिवाळी का? रेडकू आलं आणि आल्याबरोबर गोठ्यात पसरायला ठेवलेला पाला खाऊन मोकळं झालं. लूक गव्हाणीत पाय बाहेर काढून बसला होता, तिसरी करंजी चालू होती.

मी चोच लावून पायरीखाली उभी राहिले. दानिएल स्टुलावर झारी घेऊन. मी "आला गं बाई पाऊस" म्हटलं आणि त्याने जो पाऊस सुरू केला! हौदाचं पाणी, डिसेंबरातलं. माझी बत्तिशी वाजायला लागली. पहिल्यांदा दार ठोठावलं. आतून मार्था, "फरशी ओली आहे, जरा थांबा." लोक हसले. दुसऱ्यांदा. "भोंगा झाला, डबा भरायचाय." बायकांना इतकं हसू आलं की एकमेकींना ढकलू लागल्या, सगळ्यांच्या घरचं वाक्य आहे ते.

तिसऱ्यांदा ठोठावलं. आतून काही नाही.

साहेबाचं वाक्य कुठे गेलं? मी पुन्हा ठोठावलं. वाक्य विसरली, वाटलं. हळूच सांगितलं, "पाहुणा ठेवायचा तर..." आतून कडीचा आवाज. खडखड, खडखड. मग मार्थाचा आवाज, चिमणीचा नाही, तिचा स्वतःचा: "वन्सं, कडी निघत नाहीये!"

"काढू नकोस!" मी चोचीतून ओरडले. "तिसऱ्यांदा नाही उघडायचं!"

"मला उघडायचंय!"

आणि दानिएल पाऊस थांबवेना. त्याला मी बजावलं होतं, दार उघडेपर्यंत पाऊस. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. एक झारी संपली की सुवार्ता, म्हणजे मरीया, दुसरी भरून देत होती. तानाबाई उठली. "आगं म्हातारी गारठली की! उघड ना भवाने!" असं म्हणून तिने दाराला खांदा लावला. हिंदुराव खिडकीतून घुसला, अर्धा आत, अर्धा बाहेर अडकला, तसाच हात लांब करून कडीवर हातोडी घालू लागला. लोकांना वाटलं नाटकच आहे. टाळ्या पडत होत्या.

धाडकन दार उघडलं. तानाबाई आत पडली, मागोमाग मी.

आत एक खाट होती. खाटेवर माझी गोधडी. खाटेशेजारी माझी ट्रंक. खुंटीवर माझी पिशवी. खिडकीत माझा कंदील, काच पुसून लख्ख केलेला.

माझं डोकं किती चालतं बघा! मी काय समजले, तर सामान बांधून ठेवलंय. अंगातून पाणी गळतंय, चोच वाकडी झाली आहे, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जाते गं बाई. उद्याच जाते नगरला. पण नाटक तरी पुरं होऊ द्यायचं होतंस."

मार्थाने माझा दंड धरला. डोक्यावर चिमणीची कागदाची पिसं. "कुठे जाता? ही खोली कुणाची वाटली तुम्हाला?"

"चिमणीची."

"वन्सं," ती म्हणाली, "चिमणीला कुणी खुंट्या ठोकतं का?"

पुढचं मला नीट आठवत नाही. शलमोन योसेफाची दाढी काढत आत आला आणि त्याने माझी चोच सोडली. मी रडत होते, हे लिहून टाकते, लपवण्यात अर्थ नाही, चाळीस माणसांनी पाहिलंय. पश्चात्ताप, पाया पडणं, सगळं राहिलं. बाळाचा जन्म तेवढा झाला, कारण लूक कंटाळून गव्हाणीतून उठला आणि "माझं कधी?" म्हणत खोलीत येऊन खाटेवर बसला. लोकांनी त्यालाच नमस्कार केले आणि करंज्या घेतल्या.

पाहुणे गेल्यावर मार्था माझे केस पुसत होती. मी वहीतून कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. "हे आलं होतं. मी लपवलं."

"ठाऊक आहे. पोस्टमनने वाचलं होतं, दुसऱ्याच दिवशी त्याने मला सांगितलं."

"लिहिलं होतंत ना तुम्ही?"

"लिहिलं होतं. ऑगस्टात. मीच लिहायला लावलं. सहा माणसं, दोन खोल्या, जीव गुदमरायचा माझा. मग लूकला गोवर निघाला. तुम्ही अकरा दिवस त्याला खाली ठेवला नाहीत. मी दारातून बघायचे आणि मला बोलायची लाज वाटायची. त्याच आठवड्यात ह्यांना म्हटलं, लाकूड बघा, खोलीसाठी साहेबांकडे अर्ज टाका."

"मग कार्ड आल्याचं कळलं तेव्हा सांगायचं होतंस! मी महिनाभर कुढत होते, मार्था!"

"सांगणारच होते," ती पंचा जोरात चोळत म्हणाली, "पण नाटकात माझं काय काय काढलंत! फरशी, डबा, साहेब, सगळं. म्हटलं, भिजू दे जरा."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं. मलाही आवरलं नाही. बाई हुशार आहे, हे मी एप्रिलातच ओळखायला हवं होतं.

आज सकाळी मेट्रनबाईंना कार्ड लिहिलं. खाट दुसऱ्या बाईंना द्या, आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून झोपू देऊ नका.

खोलीबद्दल तक्रारी: फळ्यांतून वारा येतो. पूर्वेची खिडकी थेट डोळ्यांत ऊन टाकते. उशाशी फळीवर चुन्यातूनही दिसणारी मोठ्ठी इंग्रजी अक्षरं आहेत, दानिएलने वाचून दाखवली, "ही बाजू वर". फळी उलटी बसवली आहे. हिंदुरावला सांगायला हवं. किंवा राहू दे.

एवढं लिहीत होते तर दारावर टकटक. बाहेरून मार्था, "वन्सं, चहा."

मी आतून म्हटलं, "फरशी ओली आहे, जरा थांब."

बाहेर कपबशी वाजली. मग म्हणाली, "चहा निवतोय हो."

उठले आणि कडी काढली. हिंदुरावने रात्रीच तेल घातलं असावं, एका बोटाने निघाली.